कशी गेली?

“मॅडम, मगर! लई मोठी!”

फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य हेच येतं. मागं कुठंतरी पाण्याच्या मोटारीची घरघर, पोरांचा गलका. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी लगेच विचारायचे, “केवढी होती?” उत्तर ठरलेलं, “ट्रॉलीएवढी.” ट्रॉली म्हणजे उसाची. त्या हिशेबानं भिलवडी ते सांगली एवढ्या पट्ट्यात एका उन्हाळ्यात मी डझनभर ट्रॉल्या मोजल्या असत्या. प्रत्यक्षात जाऊन बघावं, तर कधी सहा-सात फुटांची मगर, कधी घोरपड, कधी पुरात अडकून राहिलेला बाभळीचा ओंडका. एकदा तर फुगून वर आलेलं मेलेलं रेडकू निघालं.

आता मी तो प्रश्न विचारत नाही. “कशी गेली?” एवढंच विचारते. हा प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नाही. त्यासाठी एक म्हातारा नावाडी, माझ्या हातून झालेली एक चूक आणि घाटावर धुणं धुणारी एक बाई लागली.

मी मूळची साताऱ्याच्या माण तालुक्यातली. माणगंगा आमच्या भागातून जाते हे शाळेत पाठ केलेलं. उन्हाळ्यात मात्र ती नदी म्हणजे वाळूची रुंद वाट, आणि आम्ही त्या वाटेनं चालत बाजाराला जायचो. टँकरमागं धावण्यात बालपण गेलं. वनरक्षकाच्या भरतीत धावण्याच्या परीक्षेत मी पुढे आले त्याचं श्रेय मी त्या टँकरला देते. पोहायला मात्र आजही येत नाही. आणि नेमणूक मिळाली ती सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. वरिष्ठांनी नकाशावर बोट ठेवून निळी रेघ दाखवली आणि म्हणाले, “इथं जंगल कमी आहे. पण हिच्यात मगरी आहेत.”

पहिल्या दिवशी मी औदुंबरच्या घाटावर उभी राहिले. पलीकडे भिलवडी, मध्ये भरलेलं संथ पाणी. एप्रिल महिना होता आणि नदी काठोकाठ होती, हेच मला पचेना. पुढं कळलं की कोयनेतून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही इथून खाली येतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना त्याच पाण्यावर चालतात आणि ठिकठिकाणचे बंधारे ते अडवून धरतात. वर्षभर खोल राहणारे डोह, मुबलक मासे, काठाला दाट ऊस. मगरीला याहून काय हवं? पण हेच पाणी माणसालाही हवं. पहाटे दत्ताच्या दर्शनाआधी अंघोळ करणारे, सकाळी धुणं आणणाऱ्या बाया, दुपारी म्हशी धुणारे, संध्याकाळी कमरेला डबा बांधून पोहायला शिकणारी पोरं, आणि लोड शेडिंगच्या कृपेनं रात्री दोन वाजता मोटर चालू करायला नदीत उतरणारा शेतकरी. चोवीस तासांत कृष्णेचा काठ रिकामा असा नसतोच. मगरीला मोकळा वेळ कधी मिळत असेल, असा प्रश्न मला पडायचा.

भारतात मगरीच्या कुळातल्या तीन जाती. खाऱ्या पाण्यातली मगर पूर्व किनाऱ्याला आणि अंदमानात, लांब चिमट्यासारख्या तोंडाची घडियाल चंबळ आणि गंगेच्या बाजूला. आपल्याकडे नदी-तलावात राहते ती रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली मगर. आमच्या काठावरचे जुने लोक तिला सुसर म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच हिला. हे मी गावागावांत सांगत फिरले. एका सभेत मागून कुणीतरी म्हणालं, “वाघ घाटावर धुणं धुवायला येत न्हाई, मॅडम.” सगळे हसले. मीही हसले, कारण त्याचं खरं होतं.

नावाडी आजोबा मला पहिल्याच पावसाळ्याआधी भेटले. पलीकडच्या काठाला गवत आणायला लोक तेव्हाही काहिलीतून जायचे. काहिल म्हणजे गुऱ्हाळातली रस आटवायची मोठी कढई, तिचीच नाव करायची. आजोबा स्वतःची होडी चालवायचे आणि काहिलीतून जाणाऱ्यांना शिव्या द्यायचे. मी त्यांना म्हटलं, मला मगर ओळखायला शिकवा. ते म्हणाले, “वळखायची कशाला? बसा हितं. बगा.”

तासभर आम्ही बसलो. डोहाच्या मध्यावर एक काळपट लांबट वस्तू. मी दुर्बीण लावली आणि म्हटलं, मगर. आजोबा बिडी ओढत राहिले. दहा मिनिटांत ती वस्तू आमच्या समोरून खाली सरकली, वळणाशी भोवऱ्यात फिरली आणि आडवी होऊन पुढं गेली. ओंडका. मग त्यांनी वरच्या अंगाला, काठालगत बोट दाखवलं. पाण्यावर दोन उंचवटे, एक पुढं, एक थोडा मागं. पाणी खाली वाहत होतं, आसपासचा पाला-कचरा खाली जात होता, आणि ते दोन उंचवटे आपल्या जागी होते.

“ओंडका पाण्याचं ऐकतो,” आजोबा म्हणाले. “सुसर न्हाई ऐकत.”

मगरीच्या ओळखीबद्दल त्यानंतर मी बरंच वाचलं. पाण्यावर दिसणारा पुढचा उंचवटा नाकपुड्यांचा, मागचा डोळ्यांचा. नाकापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी सातानं गुणली की पूर्ण अंगाचा ढोबळ अंदाज येतो. रात्री कपाळाला बॅटरी लावून प्रकाश टाकला की डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. थंडीत ती सकाळी काठावर ऊन खात तोंड उघडं टाकून पडते, ते कुणावर धावून जायला नव्हे; अंगातली उष्णता सांभाळायची तिची ती रीत आहे. वाळूवरून चालत गेली तर पुढच्या पायाची पाच बोटं, मागच्या पायाची चार, आणि मधोमध शेपटीची नागमोडी रेघ. पण या सगळ्याच्या मुळाशी आजोबांचं एकच वाक्य राहिलं. वस्तू कशी दिसते त्याहून ती काय करते ते बघ.

पुढं कोकण किनाऱ्यावर नेमणूक असलेली माझ्याच तुकडीतली एक मैत्रीण सुट्टीला आली, तेव्हा गप्पा निघाल्या. तिच्याकडे पर्यटक ओरडत येतात, “शार्क, शार्क!” किनाऱ्याच्या भाषेत मुशी, कुठं मोरी. बहुतेक वेळा ते डॉल्फिन असतात. मी विचारलं, तू कसं ओळखतेस? ती म्हणाली, “पाठीवरचा पर बघायचा. डॉल्फिनचा पर वर येतो, गोल वळतो, बुडतो, परत वर येतो, चाक फिरल्यासारखा. कारण त्याची शेपटी आडवी, वर-खाली मारतो तो. मुशीची शेपटी उभी. ती डावी-उजवी हलते, म्हणून तिचा पर पाण्यावर एका पातळीत सरळ कापत जातो आणि मागं शेपटीचं टोक वळवळताना दिसतं.” मी हसायलाच लागले. शंभर-दीडशे किलोमीटर अंतरावर, डोंगर ओलांडून पलीकडे, तिच्या कोळ्यांनी तिला तेच शिकवलं होतं.

आणि मुशी नदीत येत नाही असंही कुणी समजू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात मुशीनं एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. ती बातमी वाचल्यावर आमच्याकडेही दोन-तीन फोन आले : “मॅडम, कृष्णेत शार्क शिरला का?” मी समजावलं की वैतरणेला भरतीचं पाणी वर चढतं, कृष्णा आपल्याकडून निघून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते आणि वाटेत धरणांवर धरणं आहेत. एकानं विचारलं, “मग आपल्याला मगरच का?” त्याच्या आवाजात तक्रारच जास्त होती.

चुकीची ओळख कुठून कुठून येते याचा दुसरा धडा मोबाइलनं दिला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची. त्या दिवसांत मगर हा विषय आमच्यापुढं शेवटचा होता. माणसं काढायची होती, जनावरं काढायची होती. तरी एक चित्रफीत प्रत्येक मोबाइलवर पोचली. पाण्यात बुडालेल्या घराच्या छपरावर मगर बसलेली. ती खरी होती, बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातली. पण माझ्याकडे ती सहा वेगवेगळ्या गावांच्या नावानं आली. प्रत्येकाला ती आपल्याच गल्लीतली वाटत होती. पाणी ओसरल्यावर उसात, ओढ्यात, एका विहिरीत खऱ्याही निघाल्या, त्यामुळं अफवा कुठं संपते आणि बातमी कुठं सुरू होते ते ठरवणं अवघड झालं.

तेव्हापासून चित्रफीत आली की मी आधी मगर बघत नाही. मागचं बघते. ऊस आहे का, जॅकवेल आहे का, काठाची माती काळी आहे का, बोलणाऱ्याची बोली कुठली. तोंड चिमट्यासारखं लांब आणि टोकाला गाठ असेल तर ती चंबळची घडियाल, आपला संबंध नाही. पात्र समुद्रासारखं रुंद आणि काठावर खारफुटी असेल तरी नाही. असे कितीतरी व्हिडिओ मी “आपल्याकडचा नाही” म्हणून परत पाठवले. लोकांना हायसं वाटायचं, मलाही बरं वाटायचं. “नाही” म्हणण्याची सवय लागली ती अशी.

चूक झाली ती याच सवयीतून.

मार्चचा मध्य. गावाचं नाव लिहीत नाही. परीक्षा संपत आलेल्या आणि घाटावर पोहणारी पोरं वाढायला लागलेली. तिथून फोन आला. घाटाच्या वरच्या अंगाला, जिथं दगडी पायऱ्या संपून मातीचा उतार सुरू होतो, तिथं धुणं धुताना एका बाईला काहीतरी दिसलं होतं. मी गेले. चाळिशीची बाई, हातात अजून साबणाचा फेस. मी विचारलं, “केवढं होतं?” तिनं दोन्ही हात पसरले, मग खाली घेतले. “तेवढं नीट न्हाई बगितलं. पण वरनं खाली घसरलं, आन् पाण्यात गेलं. आवाज न्हाई झाला.”

मी उतारावर गेले. पाच-सहा पावलांवर झुडपात सळसळ झाली आणि चांगली चार फुटी घोरपड बाहेर आली. जीभ लपलप करत माझ्याकडे बघितलं आणि पळाली. मातीवर तिच्या नख्यांच्या ताज्या खुणा, बारीक शेपटीची रेघ, आणि एका जागी माती उकरलेली. मी फोटो काढले. घाटावर जमलेल्या पंचवीस-तीस लोकांसमोर मोबाइल धरला आणि जाहीर केलं, “घोरपड आहे. मगर नाही. घाबरायचं कारण नाही.” पोरांनी आरोळी ठोकली. मी दुचाकीला किक मारेपर्यंत दोघं-तिघं पाण्यात उड्या मारून मोकळे झाले होते. ती बाई काही बोलली नाही. बादली उचलून निघून गेली.

आठ दिवसांनी त्याच घाटावरून कुत्रं गेलं. सकाळी सातची वेळ, पाणी प्यायला उतरलेलं, चार जणांच्या देखत. पायरीपासून हातभर अंतरावर पाणी फुटलं आणि कुत्रं दिसेनासं झालं. त्या वेळी पोरं शाळेच्या शेवटच्या पेपराला गेली होती. बास, एवढंच. दुसऱ्या कुठल्या कारणानं ती वाचली असं मी स्वतःला सांगू शकत नाही.

त्या रात्री मी मोबाइलमधले माझेच फोटो मोठे करून बघितले. घोरपडीच्या खुणा होत्या, त्यात चूक नव्हती. पण त्यांच्या खाली, उताराच्या मातीवर, परातीएवढ्या रुंदीचा एक गुळगुळीत पट्टा होता. पोट टेकवून काहीतरी जड पाण्यात घसरत जाऊन जाऊन माती चोपून निघालेली. घोरपड चालते, पळते. अंग उचलून जाते. घसरत नाही. बाईनं “घसरलं” म्हटलं होतं. तिनं मला क्रियापद दिलं होतं आणि मी मात्र लांबी विचारत बसले होते.

दुसरी गोष्ट ध्यानात यायला अजून एक दिवस गेला. घोरपड तिथं काय करत होती? माती का उकरत होती? मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या उतारावर खड्डा करून त्यात पंचवीस-तीस अंडी घालते, माती ओढून झाकते आणि जवळच पाण्यात राखण करत राहते. त्या अंड्यांचा सगळ्यांत मोठा चोर म्हणजे घोरपड. मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. ज्या प्राण्याकडे बोट दाखवून मी “मगर नाही” म्हटलं, तो प्राणीच तिथं मगर असल्याचा पुरावा होता.

वरिष्ठांसोबत दुसऱ्या दिवशी जाऊन लांबून पाहणी केली. घरटं तिथंच होतं, काही अंडी फुटलेली, बाकीची मातीखाली. मग बांबू आणले, दोऱ्या लावल्या, फलक उभे केले. गावानं धुण्यासाठी वरच्या टाकीचा नळ सोडला. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरात नदीघाटांना कुंपणं घालून अंघोळीची जागा वेगळी करतात, ते फोटो मी ग्रामसभेत दाखवले. अर्ध्या लोकांना पटलं. बाकीच्यांचं म्हणणं एकच : “धरा आन् चांदोलीत न्हेऊन सोडा.”

हे मी प्रत्येक गावात ऐकते आणि रागानं ऐकत नाही. ज्याच्या पोराला घाटावर जायचं आहे, तो असं म्हणणारच. पण मगर ही पोतं नव्हे, की इथून उचललं, तिथं ठेवलं. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरींना उपग्रहाची यंत्रं बसवून लांब सोडलं, तर त्यांतली एक 400 किलोमीटरहून अधिक प्रवास करून आपल्या जागी परतली. चांदोलीचं धरण वारणेवर, आणि वारणा हरिपूरला कृष्णेत येऊन मिळते. एका सभेत मी हे सांगत असताना एक म्हातारा म्हणाला, “म्हंजी आपण तिला एसटीनं पाठवायचं आन् ती होडीनं परत येणार.” माझं अर्ध्या तासाचं भाषण त्यानं एका वाक्यात संपवलं.

ती त्या घाटाशेजारीच का आली, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही. काठाचा उतार, मऊ माती, थोडी झुडपं एवढंच तिला लागतं. वीटभट्ट्यांनी मळीची माती नेली, वाळू उपशानं काठ ढासळले, उरलेल्या जागी ऊस थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेला. दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळा उतार राहिला तो घाटाच्या बाजूचा, कारण तो सार्वजनिक, त्यावर कुणी ऊस लावू शकत नाही. माणसांसाठी राखलेली जागा तीच तिच्यासाठी उरलेली जागा. लोक म्हणतात, पूर्वी मगरी नव्हत्या, 2005 च्या पुरानंतर कुणीतरी आणून सोडल्या. नावाडी आजोबा यावर फक्त थुंकायचे. त्यांच्या वडलांनी त्यांना लहानपणी कुठल्या डोहात उतरायचं नाही ते शिकवलं होतं. नदी तीच होती, डोह तेच होते. पण पूर्वी मोटर चालू करायला रात्री दोन वाजता कुणी पाण्यात उतरत नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी त्या घाटावरून पुन्हा फोन आला. “मॅडम, जमिनीतनं आवाज येतोय.” अंड्यातली पिल्लं बाहेर पडायच्या आधी आतून चिरकतात; ते ऐकून आई येऊन माती उकरते. आम्ही पलीकडच्या काठावर बसून दुर्बिणीतून पाहिलं. संध्याकाळी ती पाण्यातून वर आली. सगळा मिळून आठ-नऊ फुटांचा जीव. पुढच्या पायांनी माती काढत राहिली, मग तोंड खाली घातलं, आणि वीतभर पिल्लू जबड्यात धरून पाण्याकडे निघाली. त्या जबड्यानं कुत्रं ओढून नेलेलं मी ऐकलं होतं. पिल्लाच्या पिवळट अंगावरचे काळे पट्टे तिच्या दातांमधून दिसत होते. माझ्या शेजारी बसलेला पोलीस पाटील बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “आईच की वो.” आणि लगेच, जणू स्वतःवर रागावून, “पण घाटावर नको.”

ही दोन वाक्यं मला कायम एकत्रच आठवतात. कुठलंही एक खोडता येत नाही.

त्या बाईकडे मी एप्रिलातच गेले होते. घर घाटापासून दुसऱ्या गल्लीत. मी उंबऱ्यात उभं राहून म्हटलं, “तुम्ही बरोबर सांगत होता. माझं चुकलं.” तिनं चहा टाकला. रागावली नव्हती, तिला फक्त एक गोष्ट कळत नव्हती. “तुमी मला एकदा बी इचारलं न्हाई, की घसरलं म्हंजी कसं घसरलं. मी दाखिवलं असतं.” आणि तिनं दाखवलं. ताटलीत पीठ पसरलं, तळहात पालथा टेकवला आणि मनगटापासून बोटांपर्यंत सपाट पुढं सरकवत नेला. पिठावर रुंद गुळगुळीत पट्टा उमटला. मग दोन बोटं उभी करून त्या पट्ट्यावरून टुकटुक चालवली. “आन् ही तुमची घोरपड.”

माझ्याकडे सरकारी नोंदवही आहे. तिच्यात रकाने छापलेले आहेत : दिनांक, ठिकाण, प्राणी, अंदाजे लांबी, केलेली कारवाई. त्या एप्रिलमध्ये मी पट्टी घेऊन पेन्सिलनं एक रकाना वाढवला. वर लिहिलं, “काय केलं?” म्हणजे प्राण्यानं. घसरलं, थांबलं, वळलं, उलट गेलं, हळूच बुडलं, उडी मारून बुडलं. पाणमांजरं असतील तर “डोकी चार, खेळत होती, आवाज” असं येतं. कासव असेल तर “तुळतुळीत, टुपकन गेलं”. मगर असेल तर बहुतेक वेळा माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, “काहीच केलं न्हाई. नुसती होती. आन् मग नव्हती.” असं उत्तर आलं की मी हेल्मेट शोधायला लागते.

आणखी एक बदल केला. “मगर नाही” हे शब्द मी आता लिहीत नाही आणि बोलत नाही. “आज खूण सापडली नाही,” असं लिहिते. वरिष्ठांनी सुरुवातीला विचारलं, यात फरक काय? फरक एवढाच, की पहिलं वाक्य नदीबद्दल आहे आणि दुसरं माझ्याबद्दल. नदीबद्दल एवढ्या खात्रीनं बोलायची माझी योग्यता नाही. घाटावरची पोरं मात्र या उत्तरावर वैतागतात. “मॅडम, हाय का न्हाई ते सांगा की!” मी सांगते, पहाटे आणि तिन्हीसांजेला उतरू नका, एकट्यानं उतरू नका, कुत्रं काठावर बिचकत असेल तर तुम्हीही बिचका, कुंपणाच्या आत राहा, आणि काही दिसलं तर मला नाहीतर वनविभागाच्या 1926 या नंबरला फोन करा. त्यांना हो किंवा नाही हवं असतं. मी त्यांना कामाला लावते.

नावाडी आजोबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. त्यांची होडी अजून काठावर पालथी आहे, तिच्या सावलीत कोंबड्या बसतात. मलाही अजून पोहता येत नाही. नव्या वनरक्षकाला प्रशिक्षण द्यायला सांगितलं की मी त्याला आधी पुस्तक देत नाही. डोहाच्या काठावर नेऊन बसवते आणि तास-दीड तास काही बोलत नाही. मुलं अस्वस्थ होतात, मोबाइल काढतात. मग कधीतरी एखादा स्वतःहून म्हणतो, “मॅडम, ते हलत नाहीये.” तिथून शिकवायला सुरुवात होते.

मागच्या महिन्यात सकाळी साडेसहाला फोन वाजला. नंबर ओळखीचा, धुण्याच्या घाटावरच्या त्या बाईचा. मोटारीची घरघर नव्हती, गलका नव्हता. तिनं “लई मोठी” म्हटलं नाही, “मगर” सुद्धा म्हटलं नाही.

“मॅडम, खालनं आली. पाण्याच्या उलटी. जरा थांबली. मग बुडली, पण पाणी हललं न्हाई. पोरास्नी वर काढलंय.”

मी “निघाले” म्हटलं आणि गाडी काढली. नोंदवहीतला तो रकाना तिनं फोनवरच भरून दिला होता.